इंजिनाचा श्वास, लालबागचा श्वास

दादरला शिक्षक आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या एका विज्ञानवर्गात अकरावीतल्या एका मुलाने आम्हांला प्रश्न विचारला. त्याच्या वडिलांचा एक जुना ट्रक आहे. रात्री तो शिवडीच्या बाजूला उभा असतो. ऑपेरा हाउसजवळच्या सुट्या भागांच्या दुकानात त्यांना शंकूच्या आकाराचा एक उघडा एअर फिल्टर दाखवण्यात आला होता. मेकॅनिकचे म्हणणे असे की, कंपनीचा हवेचा डबा आणि नळी काढून टाका आणि हा शंकू थेट इंजिनाला बसवा. इंजिन मोकळा श्वास घेईल, चढावर ताकद वाढेल, डिझेलही वाचेल. मुलाचा प्रश्न सरळ होता : "सर, हवा जास्त तर ताकद जास्त, हे बरोबर ना?"

तास संपत आला होता. आम्ही "कंपनीचा फिल्टर काढू नये" असे घाईने सांगून मोकळे झालो. पण असे उत्तर म्हणजे नुसता हुकूम झाला. त्यात विज्ञान नव्हते आणि इतिहासही नव्हता. इतिहास पाहिला तर हुकमाला लगेच तडा जातो, कारण इंजिनावरचा एअर फिल्टर ही मुळात कंपनीने दिलेली वस्तू नव्हतीच. त्या दिवशी राहून गेलेले उत्तर येथे द्यावे म्हणून हा लेख.

फक्त हवा दाबणारे इंजिन

रुडॉल्फ डिझेल यांना त्यांच्या इंजिनाचे जर्मन पेटंट १८९३ साली मिळाले. चालण्याजोगे इंजिन सिद्ध व्हायला आणखी चार वर्षे लागली. १८९७ च्या फेब्रुवारीत आउग्सबुर्ग येथे प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी त्याची चाचणी घेतली, तेव्हा इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के भाग कामात उतरत असल्याचे दिसले. त्या काळच्या बऱ्याच वाफेच्या इंजिनांना दहा टक्के गाठतानाही धाप लागत असे. म्हणून हा आकडा ऐकून अभियंते चकित झाले, यात नवल नाही.

या इंजिनाची गंमत अशी की, सिलिंडरमध्ये आधी फक्त हवा घेतली जाते. ती इतकी दाबली जाते की तिचे तापमान पाचसहाशे अंश सेल्सिअसपर्यंत चढते. मग त्या तप्त हवेत इंधनाचा फवारा सोडला की ते आपोआप पेटते. सायकलचा पंप जोराने मारताना त्याचे टोक गरम लागते, हा अनुभव मुलांना असतोच, तत्त्व तेच.

येथेच पेट्रोल आणि डिझेल इंजिनांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. पेट्रोल इंजिनात आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा हवेच्या वाटेवरची झडप उघडते. कमी ताकद हवी असेल तर हवेचीच वाट आवळली जाते. बहुतेक डिझेल इंजिनांत अशी आवळणारी झडप नसते. ॲक्सिलरेटर दाबला की पंप जास्त डिझेल सोडतो, एवढेच. हवा जेवढी मावेल तेवढी दर फेरीला आत येतच असते. म्हणजे डिझेल इंजिनाची ताकद इंधन ठरवते. हवा त्या इंधनाची वरची मर्यादा ठरवते. मर्यादेच्या आत असताना नुसती हवा वाढवून ताकद वाढत नाही. पानात चार पोळ्या वाढल्या असतील, तर ताट मोठे घेतल्याने पोट जास्त भरत नाही.

मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे मिळते : हवा जास्त तर ताकद जास्त हे अर्धसत्य आहे. उरलेले अर्धे सत्य मेकॅनिकलाही ठाऊक असते, म्हणून नवा फिल्टर बसवल्यावर तो पुष्कळदा "पंप थोडा वाढवून घ्या" असे सुचवतो. त्या सूचनेकडे आपण पुढे परत येणार आहोत.

पहिला फिल्टर बाहेरचाच

सुरुवातीच्या मोटारी आणि ट्रॅक्टर यांना हवा गाळण्याची सोय बहुधा नसे. डांबरी रस्त्यावर ते काही काळ खपून गेले. नांगरणीच्या शेतात मात्र ट्रॅक्टर स्वतःच उडवलेल्या धुळीत दिवसभर चाले. मातीत सिलिका असते आणि सिलिकाचे कण लोखंडालाही घासतात. पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो, तो अवघा काही मायक्रॉन जाडीचा. त्याहून मोठा कण आत शिरला की तो थर ओलांडून दोन्हीकडच्या धातूला ओरखडे काढतो. इंजिन तेल खाऊ लागते, कड्या झिजतात, दाब बसत नाही.

अमेरिकेत ट्रॅक्टर विकणाऱ्या फ्रँक डोनाल्डसन या गृहस्थांपुढे एका शेतकऱ्याने हीच तक्रार मांडली. त्यांनी तारेचा पिंजरा करून त्यावर कापड गुंडाळले आणि ते हवेच्या वाटेवर बसवले. १९१५ साली त्यातून एअर क्लीनर बनवणारी कंपनी उभी राहिली. म्हणजे हा फिल्टर ट्रॅक्टरच्या कारखान्यातून आला नाही. वापरणाऱ्याच्या अडचणीतून आला आणि बाहेरून बसवला गेला. आज ज्याला आपण "कंपनीचा" म्हणतो, तो एके काळी बाहेरचाच होता!

दुसरे उदाहरण युद्धातले आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश स्पिटफायर विमाने उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात गेली, तेव्हा त्यांच्या नाकाखाली वोक्स नावाचा मोठा फिल्टर बसवला होता. तो इंजिन वाचवी, पण विमानाचा वेगही घटवी. इजिप्तमधील अबुकीर येथल्या हवाई दलाच्या दुरुस्ती कार्यशाळेने १९४२ च्या सुमारास स्वतःच एक लहान आणि सुबक फिल्टर तयार केला. त्याने धूळही अडवली आणि वेगही फारसा गमावला नाही. स्पिटफायरचे इंजिन पेट्रोलचे होते, पण धडा दोन्ही इंजिनांना सारखाच लागू आहे. मूळचा फिल्टर बदलून चांगला बसवता येतो. मात्र तो बसवणाऱ्यांनी धूळ, दाब आणि वेग या तिन्हींचा हिशेब केला होता. फिल्टर आकाराने छोटा केला, पण धूळ आत येऊ दिली नाही.

तेलाची वाटी ते कागदाच्या घड्या

आपल्याकडे टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून १९५४ साली जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार पंधरा वर्षांचा होता. पुढे कितीतरी वर्षे गोदीतला माल, गिरण्यांचा कापूस आणि कापडाच्या गाठी अशा ट्रकांनी वाहिल्या. आपल्या जुन्या ट्रकांवर हवा गाळायला सर्रास तेलाची वाटी असे. आत येणारी हवा तेलाच्या पृष्ठभागावर आदळून एकदम उलटी वळे. हलकी हवा वळू शकते, जड कण वळू शकत नाही. तो तेलात बुडतो. उरलेले कण वरच्या तारांच्या ओल्या जाळीत अडकतात. जडत्वाचा नियम शिकवायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

या वाटीचे गुण मोठे होते. ती धुऊन पुन्हा वापरता येई, गावोगावी सुटा भाग शोधावा लागत नसे. पण दोष असा की, इंजिन मंद चालताना हवेचा वेग कमी पडतो, कणांचे जडत्वही घटते आणि ते तेल चुकवून आत जातात. रहदारीत अडकलेल्या ट्रकाच्या बाबतीत नेमके हेच घडते. क्लीनरने तेल बदलायचे विसरले, तर वाटीत चिखल साचे तो वेगळाच.

पुढे घड्या घातलेल्या कागदाचे कोरडे फिल्टर आले. पंख्यासारख्या घड्यांमुळे लहानशा डब्यात कागदाचे भरपूर क्षेत्रफळ मावते. त्यामुळे हवा कागदातून सावकाश जाते आणि अडथळा कमी होतो. शिवाय कागदावर साचलेल्या धुळीचा थर स्वतःच गाळणीचे काम करतो. फिल्टर थोडा मळला की तो जास्त बारीक गाळतो; फार मळला की मात्र हवा अडवतो. टर्बोचार्जरची इंजिने आल्यावर स्वच्छ हवेची गरज आणखी वाढली. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी टर्बोचार्जरचे पेटंट १९०५ साली घेतले होते, पण आपल्या ट्रकांत तो सर्वत्र रुळला तो विसाव्या शतकाच्या अखेरीपासून. त्याचे पंख्यासारखे चाक मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेऊ शकते. या वेगाने आदळणारा वाळूचा कण म्हणजे त्या चाकाला छिन्नीच.

हिशेब मांडून पाहू

आता वर्गात फळ्यावर मांडता येईल असा हिशेब करू. एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. एक लीटर डिझेलचे वजन साधारण ०.८३ किलो, म्हणून लीटरमागे १२ किलो हवा. आपल्या हवामानात तिचे आकारमान होते सुमारे १० घनमीटर. प्रत्यक्षात डिझेल इंजिनाला याहून जास्त हवा द्यावी लागते, ती १५ घनमीटर धरू. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सातएक लीटर हवा घेतो, म्हणजे दिवसाला १० घनमीटर. एक लीटर डिझेल जाळताना ट्रक आपल्या दीड दिवसाच्या श्वासाइतकी हवा घेतो.

समजा, ट्रक वर्षाला १०,००० लीटर डिझेल जाळतो आणि रस्त्यावरच्या घनमीटर हवेत एक मिलिग्रॅम धूळ आहे. मग वर्षात दीड लाख घनमीटर हवेबरोबर १५० ग्रॅम धूळ फिल्टरपाशी येईल. फिल्टरने ९९.५ टक्के धूळ अडवली तर पाऊण ग्रॅम आत जाईल. फिल्टर ९८ टक्के धूळ अडवणारा असेल तर ३ ग्रॅम आत जाईल. दुकानदार म्हणेल, दीड टक्क्याचाच तर फरक आहे! पण इंजिनाला अडवलेल्या धुळीशी कर्तव्य नसते, आत शिरलेल्या धुळीशी असते. आणि ती चौपट झाली.

आता दुसरी बाजू, म्हणजे मोकळ्या श्वासाची. हवेच्या वाटेतला अडथळा पाण्याच्या स्तंभाच्या उंचीने मोजतात. चांगल्या स्थितीतील फिल्टर आणि त्याची नळी यांचा अडथळा २५० मिलिमीटर पाण्याएवढा धरू. वातावरणाचा दाब सुमारे १०,३०० मिलिमीटर पाण्याएवढा असतो. म्हणजे फिल्टर संपूर्ण काढून टाकला, तरी हवा वाढेल ती अवघी अडीच टक्क्यांच्या आत. नवा शंकू बसवून अडथळा निम्मा झाला, तर लाभ एक टक्क्याच्या आसपास.

आणि तोटा? कंपनीची नळी बहुधा केबिनच्या मागे, उंचावर उघडते. तेथे हवा थंड असते आणि चाकांनी उडवलेली धूळही कमी पोचते. शंकू मात्र इंजिनाशेजारी, गरम हवेत बसतो. बाहेर ३० अंश आणि इंजिनाशेजारी ५० अंश असे तापमान धरा. केल्विनमध्ये ते ३०३ आणि ३२३ होतात. दाब तोच असताना वायूची घनता केल्विन तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून घनता सुमारे ६ टक्क्यांनी घटते. एक टक्का कमावण्यासाठी सहा टक्के गमावले! इंजिनाचा आवाज मात्र वाढतो, कारण कंपनीचा डबा आवाजही शोषून घेत असतो. मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद, हा कानाचा गैरसमज आहे. तो दुकानदाराच्या पथ्यावर पडतो.

धूर जातो कुठे?

येथवर हा ट्रकमालकाच्या खिशाचा प्रश्न होता. आता पंप वाढवण्याच्या सूचनेकडे वळू. फिल्टर बदलून ताकद वाढली नाही की पंपवाल्याकडून डिझेल वाढवून घेतले जाते. मग ताकद खरोखरच थोडी वाढते. पण हवा पुरेशी नसल्याने सगळे डिझेल जळत नाही आणि उरलेल्या कार्बनची काजळी होऊन ती धुराड्यातून बाहेर पडते. गच्च भरलेल्या फिल्टरनेही हेच होते. हवा घटते, डिझेल तेवढेच राहते आणि धूर काळा होतो.

हा धूर ज्या वस्तीत जातो तिच्या फुप्फुसांचा इतिहास आपल्याकडे नोंदलेला आहे. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या हवेचा आणि आरोग्याचा एकत्र अभ्यास सुरू केला. लालबाग, चेंबूर आणि खार येथील वस्त्या आणि तुलनेसाठी एक ग्रामीण वस्ती त्यांनी निवडली. अधिक प्रदूषित भागांत खोकला आणि धाप यांच्या तक्रारी तुलनेने स्वच्छ अशा शहरी भागापेक्षा जास्त आढळल्या. तेव्हाच्या लालबागच्या हवेत गिरण्यांच्या धुराड्यांचा वाटा मोठा होता. सारा दोष ट्रकांवर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. पण १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, धुराडी विझली आणि रहदारी मात्र वाढत गेली. आंबेडकर रस्त्यावरच्या चाळीच्या गॅलरीत उभ्या राहणाऱ्या माणसाच्या उंचीवर येणारा धूर आता वाहनांचा होता.

बाहेरून केलेला बदल शहराला कसा भोवतो आणि कसा तारतो, हे मुंबईच्या टॅक्सींनी दाखवले. कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनी गाडीतले पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवून घेणे टॅक्सीवाल्यांना परवडत होते. खर्च वाचे तो टॅक्सीवाल्याचा, धूर मिळे तो रस्त्यावरच्यांना. १९९९ साली स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम या नागरिकांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पुढच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सी नैसर्गिक वायूवर आल्या. ती वायूची टाकी आणि नळ्यादेखील बाहेरूनच बसवलेल्या होत्या! फरक एवढाच की, त्या बदलाला तपासणी होती, प्रमाण होते आणि त्याच्या हिशेबात रस्त्यावरचा माणूसही धरलेला होता. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला, तेव्हा ही काळजी अनाठायी नव्हती हे स्पष्ट झाले.

मग उत्तर काय?

उत्तर ट्रकाच्या वयावर अवलंबून आहे. एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ ची मानके लागू झाली. अशा नव्या ट्रकात किती हवा आत जाते याचा अंदाज संगणक सतत घेत असतो आणि त्यावरून इंधन व धुराची शुद्धी ठरवतो. हवा मोजणारी तप्त तार जेथे असते, तेथे तेल लावलेल्या कापडी फिल्टरमधून उडालेले तेल त्या तारेवर बसले की मोजमाप चुकते. अशा ट्रकाची हवेची वाट बदलणे म्हणजे घड्याळाचा काटा वाकवून वेळ सुधारण्यासारखे आहे.

तेलाची वाटी असलेल्या जुन्या ट्रकाला मात्र योग्य मापाचा, डब्यात बंद असलेला कोरडा कागदी फिल्टर बसवणे शहाणपणाचे ठरू शकते. तो बाहेरचा असला तरी चालेल. त्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. तो किती टक्के धूळ अडवतो, हे चाचणीने सिद्ध झाले आहे काय? इंजिन पूर्ण वेगात असताना त्याचा अडथळा किती मिलिमीटर पाण्याएवढा असतो? आणि हवा कोठून घेतली जाते, उंचावरून की इंजिनाशेजारून? विकणाऱ्याकडे या तिन्हींची उत्तरे नसतील, तर घेणाऱ्याने हात आखडता घ्यावा.

याहून स्वस्त उपाय तर रोजचाच आहे. फिल्टर आणि इंजिन यांच्यामधली रबरी नळी चिरलेली नाही ना, तिच्या क्लिपा घट्ट आहेत ना, हे पाहावे. फिल्टरच्या पुढे पडलेले सुपारीएवढे भोक उत्तमातल्या उत्तम फिल्टरला निरुपयोगी करते. कागदी फिल्टर जोराच्या हवेने फुंकून किंवा आपटून साफ करू नये. कागद फाटतो आणि डोळ्यांना दिसतही नाही. अडथळा दाखवणारी खूण लाल झाली की तो बदलावा.

वर्गातला प्रयोग

शिक्षकांना हे सारे टेबलावर दाखवता येईल. पारदर्शक प्लॅस्टिक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बांधा आणि तिच्यात रंगीत पाणी भरा. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला बाजूने लहान भोक पाडून यू-नळीचे एक टोक तेथे मेणाने घट्ट बसवा, दुसरे टोक मोकळे ठेवा. आता व्हॅक्यूमच्या तोंडावर क्रमाने मलमलीचा रुमाल, स्पंज, वर्तमानपत्राचा एक पदर आणि भोके पाडलेल्या खोक्यावर पंख्यासारखा घड्या घालून चिकटवलेला तोच कागद लावा. दर वेळी पाण्याच्या पातळ्यांतला फरक मोजा. मग तोंडापुढे थोडी खडूची पूड हलकेच उधळा आणि कापडाच्या किंवा कागदाच्या आतल्या बाजूला किती पूड आली ते काळ्या कागदावर झटकून पाहा. मोकळा श्वास आणि स्वच्छ श्वास यांची ओढाताण विद्यार्थ्यांना आकड्यांत दिसेल. घड्यांनी ही ओढाताण कशी सैल होते, तेही दिसेल.

त्या मुलाला आम्ही नंतर हा हिशेब लिहून पाठवला. त्याच्या वडिलांनी शंकू घेतला की नाही, ते आम्हांला माहीत नाही. निर्णय त्यांचा आहे आणि तो त्यांनीच करायचा. आमचे म्हणणे एवढेच की, तो दुकानात ऐकलेल्या आवाजावर न ठरता मोजलेल्या आकड्यांवर ठरावा. आणि ते आकडे मांडताना वहीच्या एका कोपऱ्यात लालबागच्या गॅलरीतल्या माणसाचे दिवसाचे १० घनमीटरही लिहिलेले असावेत.